चमचाभर रेती

दाबोळीच्या पठारावर, पत्र्याच्या शेडमध्ये
हे इंजिन आता कुठेच जात नाही.
चौदा सिलिंडर, दोन कड्यांत मांडलेले,
आणि आम्ही दोघं त्याचे चाकर:
कायतान मिरांडा, वय एक्याऐंशी, निवृत्त फिटर
(अरेतुरे करतो मी त्याला, आमच्याकडे चालतं)
आणि मी, शाणू, ज्याला अजून
पाना कसा धरावा यावरून बोलणी बसतात.

दर सोमवारी तेच.
खालच्या सिलिंडरांचे प्लग काढायचे, साचलेलं तेल गळू द्यायचं.
पंखा हाताने फिरवायचा, उलटा कधीच नाही.
वरच्यांत नवं तेल सोडायचं, मधासारखं, घाई न करता.
मग हवेच्या तोंडाला झाकण, धुराच्या तोंडाला झाकण,
जिथे जिथे भोक तिथे तिथे बूच,
लाल कापडाच्या लांब शेपटीचं, म्हणजे विसरायला नको.
"भोक म्हणजे आमंत्रण," कायतान म्हणतो.
पण इथे आमंत्रण लागतंच कुणाला?
बोगमाळ्याकडून खारं वारं चढून येतं.
खाली रस्त्याचं काम; जांभ्याची तांबडी धूळ
कुंकवासारखी बसते, पुसली की पसरते.
आणि कुंभारमाशीला तर नुसती नळी दिसू दे,
दोन दिवसांत आत मातीचं बाळंतघर.

मी एकदा विचारलं, हे उडणारच नाही
तर इतकं जपायचं कशाला?
त्याने चष्मा कपाळावर नेला.
"म्हातारा जेवत नाही म्हणून
त्याचं तोंड धूत नाहीत काय रे?"

वाळवंटातलं तो सहसा सांगत नाही.
एवढंच कळलंय: तिथली धूळ पिठासारखी,
चहात, पापणीत, पावात,
आणि इंजिन सुरू झालं की स्वतःच स्वतःसाठी वादळ उठवायचं.
रात्री तोंडावर गोणपाट नको, त्याचे धागे सुटतात;
धोतराचं मऊ कापड, दुपदरी, गावातल्या दुकानातून उधारीवर.
"रेती आत गेली की कानस होते.
भिंत खाते. आवाजावरून कळत नाही.
तेल प्यायला लागतं, तेव्हा कळतं."

ह्या सोमवारी मागचा वाकडा हवानळ पहिल्यांदाच उतरवला.
चार नट गंजलेले, एक माझ्या हातात तुटला,
त्याची बोलणी वेगळी.
आत बॅटरी मारली.
कोपरात, गाळणीच्या पलीकडे,
पलीकडे, अलीकडे नव्हे,
पिवळी, बारीक, कोरडी.
आमच्याकडे ह्या रंगाची माती नाही.

त्याने बोट घातलं. चिमूट चोळली. जिभेवर ठेवली.
बाहेर प्रवासी विमान उतरलं, पत्रा थरथरला, थांबला.
"मी सही केली होती," तो म्हणाला.
"रोज. गाळणी तपासली, मार्ग स्वच्छ. रोज."
मग, बऱ्याच वेळाने:
"तो पोरगा परत आला होता. प्रत्येक वेळी आला.
मला ठाऊक आहे. तरी."

त्या 'तरी'पुढे त्याने काही जोडलं नाही.

मी धावत जाऊन बाटली आणली, मिस्कुटाची, धुतलेली.
म्हटलं, ठेवूया, पाटी लावूया, लोक बघतील.
त्याने ती कोपराने सारली.
ब्रश, चमचा, मलमलीचा तुकडा;
शेवटचा कण निघेपर्यंत मान नळीतच.
मग रेती नेऊन ओतली
दाराजवळच्या आगीच्या बादलीत, बायण्याच्या वाळूवर.
थोडा वेळ वेगळी दिसली.

वही माझ्याकडे सरकवली.
'हवानळ साफ केला. रेती, एक चमचा.
पूर्वीच्या तपासणीत राहून गेलेली.'
खाली त्याने सही केली, पूर्ण नावाने,
आडनावापाशी पेन जरा अडलं.

सिलिकाची पुडी ओल पिऊन गुलाबी झाली होती.
निळी टाकली. झाकण. लाल शेपूट.
"उद्या ये," तो म्हणाला.
उद्या मंगळवार, मी म्हणालो.
"दुसऱ्या बाजूचाही नळ आहे ना."